चौकट माणसासाठी असते




आज या सदरात आम्ही फोटोच्या चौकटीविषयी बोलणार आहोत. ही चौकट लाकडाची नव्हे, काचेची नव्हे, भिंतीवर खिळ्याला अडकवायचीही नव्हे. संगणकावर किंवा मोबाईलवर फोटोला भोवताली जी किनार लावतात, कधी वेलबुट्टी, कधी गुलाबाची फुले, कधी सोनेरी पट्टी, ती ही चौकट. कोणी तिला बॉर्डर म्हणतात, कोणी फ्रेम म्हणतात. पोराचा वाढदिवस असो, मुलीचे लग्न असो, की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, फोटो छापायला दिला की दुकानदार विचारतो, "बॉर्डर कोणती टाकू?" आणि आपण सांगून मोकळे होतो, "टाका तुम्हाला बरी वाटेल ती." घोटाळा इथेच होतो.

कोणी म्हणेल, संसारात एवढ्या अडचणी असताना फोटोच्या किनारीची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या घरांत फोटो किती होते, हे एकदा आठवून पाहा. आजी-आजोबांच्या पिढीत फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जायचे आणि स्टुडिओत जायचे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. म्हणून कित्येक घरांत आजोबांचा एकुलता एक फोटो असतो. आजीचा तर तोही नसतो. कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोत ती कडेला उभी असते, कडेवर मूल, डोक्यावर पदर. तेवढाच तिचा पुरावा. ज्यांच्याकडे कपाटभर अल्बम आहेत त्यांचा एक फोटो बिघडला तर त्यांचे काही जात नाही. ज्यांच्याकडे एकच आहे त्यांनी काय करावे?

आमच्या ओळखीच्या एका घरी असेच झाले. जुन्या ग्रुप फोटोची नवी प्रत करून घ्यायची म्हणून तो एका दुकानात दिला. दुकानात तो मोबाईलवर टिपून घेतला आणि वर गुलाबाच्या फुलांची तयार चौकट बसवून, लॅमिनेशन करून दिला. फोटो चकचकीत झाला, सगळे खूष झाले. मग घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी तो हातात घेतला आणि विचारले, "माझी आई कुठं गेली?" त्यांची आई डाव्या टोकाला उभी होती. तिच्या जागी आता गुलाबाचे फूल होते. नशीब एवढेच, की मूळ फोटो पिशवीत तसाच परत आला होता.

दुकानातल्या पोराचा वाईट हेतू नव्हता. त्याने तयार साचा घेतला आणि फोटोवर टाकला. ग्रुप फोटोत मध्ये कोण बसते? ज्याचा मान मोठा तो. कडेला कोण उभे राहते? मागून आलेला, संकोचाने थांबलेला, ज्याला कोणी पुढे ये म्हटले नाही तो. साचा कापतो तो कडेच्यालाच. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे: किनार लावा, हौसेने लावा, पण ती फोटोच्या बाहेर लावा. आत घुसवू नका.

बाहेरची किनार आणि आतली किनार

कुठल्याही किनारीला जागा लागते आणि ती जागा दोनच ठिकाणांहून मिळते. एक तर फोटोवरच किनार चढवायची. मग जेवढी रुंद किनार तेवढा फोटो झाकला जातो. किंवा फोटो आहे तेवढाच ठेवायचा, त्याच्याभोवतीचा कागद मोठा करायचा आणि त्या नव्या जागेत किनार काढायची. गोधडीला काठ लावताना आपल्या आया-बाया काय करतात? वेगळी पट्टी बाहेरून जोडतात. काठासाठी गोधडी कापून लहान करीत नाहीत. फोटोचेही तसेच समजा.

मोबाईलवरच्या बहुतेक तयार फुलाफुलांच्या चौकटी पहिल्या प्रकारच्या असतात. मधोमध भोक ठेवलेला साचा असतो आणि आपला फोटो त्या भोकातून दिसतो. वर हा साचा ठरावीक मापाचा असल्याने फोटोही त्या मापात कापला जातो. ओळखायचे कसे? अगदी सोपे आहे. किनार लावण्यापूर्वी फोटोच्या चारही कोपऱ्यांत काय आहे ते पाहून ठेवा. एका कोपऱ्यात खुर्चीचा पाय असेल, दुसऱ्यात मांडवाची झालर, तिसऱ्यात कुणाची चप्पल, चौथ्यात भिंतीची भेग. किनार लावल्यावर या चारही खुणा दिसल्या तर किनार बाहेर लागली. एक जरी नाहीशी झाली तरी समजावे की फोटो खाल्ला गेला. ही परीक्षा शाळकरी मुलालाही जमेल.

जुनी पांढरी कड कशासाठी होती?

जुन्या कृष्णधवल फोटोंना चारी बाजूंनी पांढरी कड असे. काहींची कड दातेरी कापलेली असे. ती पांढरी कड मुळात नुसती शोभा नव्हती. अंधाऱ्या खोलीत फोटो छापताना कागद सपाट राहावा म्हणून तो पट्ट्यांच्या चौकटीत दाबून धरीत. पट्ट्यांखालच्या भागावर प्रकाश पडत नसे, म्हणून तेवढा भाग पांढरा राही. पण तिचा उपयोग पुष्कळ झाला. फोटो हाताळताना बोटे कडेवर पडत, चेहऱ्यावर नाही. काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे चिकटवत, तेही कडेवरच बसत. ओल लागली, कागद कुरतडला, तर आधी कड जाई, माणसे वाचत.

पोलरॉइड कंपनीचा एसएक्स-७० नावाचा कॅमेरा १९७२ मध्ये आला. फोटो काढला की लगेच कॅमेऱ्यातून बाहेर येई. त्या फोटोची खालची पांढरी पट्टी बाकी तीन बाजूंपेक्षा रुंद असे. ती रुंद का? फोटो उमटवणाऱ्या रसायनाची पुडी त्या पट्टीत असे. फोटो बाहेर येताना रुळांमध्ये दाबून ती फुटे आणि रसायन फोटोभर पसरे. लोकांनी त्या रिकाम्या पट्टीवर नाव, गाव, तारीख लिहायला सुरुवात केली. आज मोबाईलवर पोलरॉइडसारखी चौकट मिळते, तिचे मूळ हे आहे. यातून आपण घेण्यासारखे एकच: किनार चांगली तीच, जी फोटोला राखते आणि लिहायला जागा देते.

कागदाचे गणित

आता थोडे माप. अनेक मोबाईलचा फोटो ४ ला ३ या प्रमाणात निघतो. उदाहरणार्थ, आडव्या फोटोत ४००० टिंबे लांबी आणि ३००० टिंबे उंची. मिळून एक कोटी वीस लाख टिंबे. पण दुकानात आपण मागतो ६ बाय ४ इंचाचा कागद. त्याचे प्रमाण ३ ला २. हा फोटो त्या कागदावर काठोकाठ भरायचा तर ३००० पैकी ३३३ टिंबे उंची कापावी लागते. म्हणजे फोटोचा नववा हिस्सा गेला. वरून डोकी जातात किंवा खालून पाय जातात आणि आपल्याला वाटते फोटो काढणाऱ्याचाच हात हलला.

इथे किनार उपयोगी पडते. फोटो तसाच ठेवून भोवतालचा कागद ५१३० बाय ३४२० टिंबांचा करा. हे प्रमाण बरोबर ३ ला २ आहे. मग ६ बाय ४ च्या कागदावर वर-खाली सुमारे पाव इंच आणि डावी-उजवीकडे सुमारे पाऊण इंचाच्या आत अशी पांढरी जागा सुटते. डाव्या-उजव्या कडा थोड्या रुंद दिसतील, दिसू द्या. माणूस पूर्ण राहिला हे महत्त्वाचे.

पाव इंचापेक्षा बारीक किनार कागदाच्या अगदी टोकाला ठेवू नये. कागदाच्या कडेपर्यंत छापताना मशीन चित्र किंचित मोठे करते आणि टोकाचा भाग छाटला जातो. बारीक किनार मग एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला गायब. भिंतीवरची फ्रेम करणारा कारागीर काच बसवतो, तेव्हाही पट्टीची आतली धार फोटोच्या कडेवर चढते. पांढरी जागा सोडलेली असली की धार तिच्यावर चढते, माणसावर नाही. छापायला देताना दुकानदाराला स्पष्ट सांगा: "पूर्ण फोटो बसवा, कापू नका."

संगणकावर कृती

घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर पुढचे त्यांना वाचायला द्या. पैसे न देता मिळणारे 'गिम्प' नावाचे सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याचे काम सुरू केले. पुढे अनेकांनी त्यात भर घातली. आजही ते कोणालाही फुकट वापरता येते. चोरीची प्रत वापरण्याची गरज नाही.

पहिले काम, मूळ फोटोची नक्कल करून ठेवा आणि नकलेवरच हात चालवा. मग फोटो गिम्पमध्ये उघडा. 'फिल्टर्स' मध्ये 'डेकॉर' आणि त्यात 'ॲड बॉर्डर' आहे. तिथे आडवी आणि उभी जाडी, दोन्ही २० लिहा. रंग गडद निळा किंवा राखाडी निवडा. 'डेल्टा' असे लिहिले असेल तिथे शून्य ठेवा, नाहीतर चारही बाजूंच्या छटा वेगवेगळ्या होऊन फोटो उठावदार पाटीसारखा दिसतो. ही झाली बारीक रेघ आणि ती फोटोच्या बाहेर लागते.

त्यानंतर 'इमेज' मध्ये 'कॅनव्हास साइज' उघडा. लांबी-उंचीच्या बाजूला साखळीचे चिन्ह असते, ते दाबून साखळी तोडा. म्हणजे दोन्ही आकडे स्वतंत्र लिहिता येतात. लांबी ५१३०, उंची ३४२० लिहा. 'सेंटर' दाबा, मग 'रीसाइज' दाबा. भोवताली मोकळी जागा तयार होईल. हत्यारांच्या पेटीत मागचा रंग पांढरा आहे ना, हे पाहून 'इमेज' मधले 'फ्लॅटन इमेज' दाबा. मोकळी जागा पांढरी होईल. शेवटी 'फाइल' मधल्या 'एक्स्पोर्ट ॲज' ने वेगळ्या नावाने जतन करा. मूळ नाव पुन्हा वापरू नका. जेपेग प्रकारची फाइल प्रत्येक वेळी बदलून जतन केली की थोडी थोडी झिजते, हेही ध्यानात असू द्या.

याच 'डेकॉर' यादीत 'फझी बॉर्डर' आणि 'राउंड कॉर्नर्स' असतात. दिसायला छान आहेत, पण पहिली किनार फोटोच्या आत पसरते आणि दुसरी कोपरे कापते. कडेला माणसे असतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. नुसता डोंगर, नदी, झाड यांचा फोटो असेल तर खुशाल वापरा.

तयार झालेला फोटो दुकानात पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नेहमीच्या रीतीने पाठवला तर तो वाटेत दाबून लहान केला जातो आणि एवढी मेहनत वाया जाते.

रंग कोणता घ्यावा?

किनारीचा रंग शक्यतो फोटोतूनच उचलावा. साडीच्या काठाचा, दाराच्या रंगाचा, मुलीच्या रिबिनीचा. फोटोत नसलेला भडक रंग किनारीला दिला की डोळा आधी किनारीकडे जातो, माणसाकडे नंतर. आपल्या लग्नांत वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत असतात. पांढऱ्या साडीला लागून पांढरी किनार आली तर साडी कुठे संपली आणि किनार कुठे सुरू झाली तेच कळत नाही. वर सांगितलेली बारीक निळी रेघ अशा वेळी कामाला येते. लग्नाच्या तयार चौकटींत नाना प्रकारची धार्मिक चिन्हे आधीच छापलेली असतात. आपल्याला नको असलेले चिन्ह आपल्या लग्नाच्या फोटोवर येऊ द्यायचे नसेल तर साधी चौकट मागून घ्यावी, किंवा कोपऱ्यात एखादे पिंपळपान आपणच काढावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. शेजारचा रंग बदलला की डोळ्याला मूळ रंगही बदललेला भासतो. फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेवरल हे पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर कळले की काळ्या रंगात खोट नव्हती; शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका भासत होता. या अभ्यासावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

याचा आपल्याशी संबंध काय? सावळ्या माणसाच्या फोटोला रुंद, पांढरीशुभ्र किनार लावली की चेहरा आहे त्याहून काळा भासतो. मग दुकानात म्हणतात, "थोडा गोरा करून देऊ का?" घरचेही मान डोलावतात. बंधू-भगिनींनो, चेहऱ्यात खोट नाही, किनारीत आहे. पांढऱ्याऐवजी मातकट, फिकट राखाडी किंवा सायीच्या रंगाची किनार घ्या आणि पुन्हा पाहा. चेहरा आपोआप उजळलेला दिसेल आणि रंग त्याचा तोच राहील. उन्हात राबून ज्यांनी आपल्याला वाढवले त्यांचा रंग पुसून त्यांची आठवण ठेवायची, हे आम्हाला पटत नाही. नातवंडांना आपली आजी जशी होती तशीच दिसली पाहिजे.

जुन्या फोटोची काळजी

जुना फोटो मोबाईलने टिपण्यापेक्षा स्कॅनरवर घेतलेला बरा. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर असतो. २ बाय ३ इंचाचा लहान फोटो असेल तर "६०० वर स्कॅन करा" असे सांगा. मग १२०० बाय १८०० टिंबे मिळतात. इंचाला ३०० टिंबांच्या हिशेबाने त्यातून ४ बाय ६ इंचाची स्वच्छ प्रत निघते. जुनी पांढरी किंवा दातेरी कड कापून टाकू नका, तीही स्कॅनमध्ये येऊ द्या. फोटोची पाठही स्कॅन करून घ्या. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले नाव किंवा साल पाठीवरच सापडते. आणि मूळ फोटोला लॅमिनेशन कधीही करू नका. एकदा चिकटलेले प्लास्टिक फोटोला इजा न करता पुन्हा निघत नाही. लॅमिनेशन हवे तर नव्या प्रतीला करा.

पुण्यानुमोदनासाठी ग्रुप फोटोतून एकाच माणसाचा चेहरा वेगळा काढावा लागतो, ते साहजिक आहे. पण चेहरा काढला म्हणून ग्रुप टाकून देऊ नका. ती व्यक्ती कुणाच्या शेजारी उभी होती, कुणाच्या खांद्यावर तिचा हात होता, हीसुद्धा तिचीच ओळख आहे.

शेवटचे, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. खालची किनार बाकीच्यांपेक्षा थोडी रुंद ठेवा आणि तिच्यावर नावे लिहा. सोनेरी वेलबुट्टीपेक्षा ही सजावट केव्हाही भारी. गाव लिहा, साल माहीत असेल तर लिहा, प्रसंग लिहा. ज्यांना ही नावे सांगता येतात ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. येत्या रविवारी घरातला एक जुना फोटो बाहेर काढा, त्यांच्यासमोर ठेवा, हातात वही घ्या आणि एकेक नाव विचारा. मधल्या खुर्चीवर बसलेल्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, ते शेवटी लिहिले तरी चालेल. सुरुवात कडेपासून करा.